‘विषयी’ या शब्दासाठी

गेल्या महिन्यात आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अर्ज आला. इथल्या शाळेत सहावीच्या सोशल स्टडीजमध्ये जगातल्या धर्मांवर तीन आठवड्यांचा भाग असतो. तो दोन दिवसांत उरकावा आणि त्यातली देवळा-मशिदीची सहल बंद करावी, अशी स्कूल बोर्डाला विनंती होती. खाली सह्या होत्या. मी मोजल्या, सत्तेचाळीस भरल्या. त्यांतल्या अकरा मराठी. ज्यांच्या घरी मी दरवर्षी फराळाला जाते, ज्यांच्या मुलांना मी अथर्वशीर्ष शिकवलं, त्या माणसांची नावं. बाकीच्यांत बहुतेक गावातल्या दोन मोठ्या चर्चना जाणारी कुटुंबं. त्यांना आपल्या मुलांनी इस्लामचे पाच स्तंभ पाठ करायला नको आहेत. आमच्या लोकांना पाठ्यपुस्तकातलं हिंदू धर्माचं पान नको आहे. कारणं वेगवेगळी, मागणी एक.

ज्या मैत्रिणीनं अर्ज पाठवला तिचा लगेच फोन आला. “ताई, तुझी सही हवीच. तू तर यातली प्रोफेसर.” मी नाही म्हटलं. का, ते तिला फोनवर नीट सांगता आलं नाही. दोघींचेही आवाज चढले आणि बोलणं तिथंच राहिलं. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे, आणि ते मराठी वर्तमानपत्रात लिहिते आहे, कारण हे वाचणाऱ्या अनेकांची नातवंडं अशाच शाळांत जातात. सह्या करणाऱ्यांचे आईवडीलही पुण्या-नाशकात हेच वर्तमानपत्र वाचतात.

मी मूळची वाईची. गेली तेरा वर्षं ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठात धर्मांचा अभ्यास शिकवते. माझ्या पगारातला काही वाटा या राज्याच्या करातून येतो, म्हणजे मका-सोयाबीन पिकवणाऱ्या, रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या माणसांच्या खिशातून. त्यांची मुलं माझ्या वर्गात बसतात. ऑगस्टमध्ये पहिल्या तासानंतर कुणी तरी हमखास थांबतं आणि विचारतं, “मॅडम, तुम्ही येशूला मानता का?” उद्धटपणे नाही, मनापासून, आणि बऱ्याचदा काळजीनं. माझं उत्तर ठरलेलं आहे. माझी श्रद्धा काय, ते डिसेंबरमध्ये मार्क लागल्यावर सांगेन, तोवर ते तुला माझ्या शिकवण्यावरून ओळखता आलं तर शिकवण्यात माझी चूक झाली असं समज. हा नियम मी पहिल्या वर्षी केला आणि अजून मोडलेला नाही.

माझ्या वर्गात एक काम सगळ्यांना करावं लागतं. आपल्या नसलेल्या प्रार्थनास्थळी जायचं, आधी फोन करून परवानगी घ्यायची, मागे तासभर शांत बसायचं आणि काय दिसलं ते चार पानांत लिहायचं. ‘विचित्र’, ‘अंधश्रद्धा’ आणि ‘खरा धर्म’ हे शब्द वापरायचे नाहीत. एका शेतकऱ्याचा मुलगा इथल्या हिंदू देवळात गेला होता. त्याच्या निबंधाचं पहिलं पान नुसतं चपलाबुटांवर होतं. दाराशी किती जोड, कुठल्या मापाचे, कुणी आपले भिंतीशी लावून ठेवले आणि कुणी भिरकावले, एवढ्या गर्दीत चोरी कशी होत नाही, आणि त्याचे स्वतःचे शेतातले चिखलाचे बूट एका आजीनं न बोलता उचलून कोपऱ्यात नीट कसे ठेवले. ते वाचताना मला आमच्या गणपती घाटाच्या पायऱ्या दिसल्या. त्या मुलानं देवावर विश्वास ठेवावा किंवा ठेवू नये, याच्याशी मला काही घेणंदेणं नव्हतं. त्यानं नीट पाहिलं होतं.

नीट पाहण्याची ही मुभा अमेरिकेतल्या सरकारी वर्गाला कशी मिळाली, ते इथल्या लोकांनाही फारसं माहीत नसतं. १९५६ साली पेनसिल्व्हेनिया राज्याचा कायदा होता की रोज सकाळी शाळेत बायबलमधली दहा वचनं वाचायची. त्यापाठोपाठ ख्रिस्ती प्रार्थना व्हायची. अ‍ॅबिंग्टनच्या शाळेतला सोळा वर्षांचा एलरी शेंप २६ नोव्हेंबरला घरून कुराणाची प्रत घेऊन आला आणि त्या वेळात तीच मनात वाचत बसला. प्रार्थनेला उभा राहिला नाही. त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवण्यात आलं. शेंप कुटुंब मुसलमान नव्हतं, युनिटेरियन होतं. सरकारी शाळेनं एकाच ग्रंथासमोर सगळ्यांना उभं का करावं, एवढाच त्या मुलाचा प्रश्न होता. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १७ जून १९६३ रोजी आठ विरुद्ध एक अशा मतांनी निकाल लागला की सरकारी शाळेतलं सक्तीचं बायबलवाचन घटनाबाह्य आहे.

एवढं पुष्कळांना आठवतं. निकालाचा दुसरा भाग आठवत नाही. न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी त्याच निकालपत्रात म्हटलं की धर्मांचा तौलनिक अभ्यास, धर्माचा इतिहास यांच्याशिवाय शिक्षण पुरं होत नाही, आणि असा अभ्यास तटस्थपणे केला तर घटनेची आडकाठी नाही. न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग यांनी वेगळं मत जोडून फरक स्पष्ट केला. धर्म शिकवणं वेगळं, धर्माविषयी शिकवणं वेगळं. मराठीत हा फरक एका शब्दयोगी अव्ययाचा आहे. माझी नोकरी, माझा विषय, त्या सहावीच्या शिक्षिकेचे तीन आठवडे, हे सगळं त्या ‘विषयी’वर उभं आहे. पुढच्या काही वर्षांत एकेका सरकारी विद्यापीठात धर्माभ्यासाचे विभाग वाढले. बायबलच्या अध्यापकांची १९०९ पासूनची जी संघटना होती तिनंही त्याच सुमारास नाव बदलून अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ रिलिजन असं घेतलं.

हा ‘विषयी’ लोकांपर्यंत पोचलेला नाही. प्यू रिसर्च सेंटरनं २०१० मध्ये अमेरिकन माणसांना धर्मांबद्दल काय माहीत आहे याची पाहणी केली होती. सरकारी शाळेत शिक्षकानं प्रार्थना घ्यायची नाही, हे १०० पैकी ८९ जणांना ठाऊक होतं. तुलनात्मक धर्मांचा विषय शाळेत शिकवता येतो, हे फक्त ३६ जणांना. साहित्याचा नमुना म्हणून बायबलमधला उतारा वर्गात वाचता येतो, हे तर २३ जणांना. बंदी सगळ्यांना पाठ, परवानगी कुणाला नाही. त्यामुळे शिक्षक घाबरतात आणि गप्प बसतात.

गप्प बसण्याची किंमत किती असू शकते, ते वाको सांगतं. टेक्ससमधल्या वाकोजवळ डेव्हिड कोरेशच्या नेतृत्वाखाली ब्रँच डेव्हिडियन पंथाची माणसं एकत्र राहत होती. २८ फेब्रुवारी १९९३ रोजी बेकायदा शस्त्रांच्या संशयावरून सरकारी पथकानं छापा घातला. गोळीबार झाला. चार अधिकारी आणि पंथाचे सहाजण मेले. मग एफबीआयनं वेढा घातला, तो ५१ दिवस चालला. वाटाघाटीत कोरेश तासन् तास बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकातल्या सात शिक्क्यांबद्दल बोलायचा. एफबीआयच्या माणसांच्या लेखी ती नुसती बडबड होती. शार्लट इथल्या सरकारी विद्यापीठातले धर्माभ्यासाचे प्राध्यापक जेम्स टेबर आणि ह्यूस्टनचे अभ्यासक फिलिप अर्नोल्ड यांना मात्र तो काय बोलतोय ते कळत होतं. त्याच्या मते आपण नक्की कुठल्या शिक्क्यापाशी उभे आहोत आणि पुढे काय घडायचं आहे, यावर त्याची हालचाल ठरणार होती. या दोघांनी १ एप्रिलला रेडिओवर त्याच भाषेत, त्याच वचनांच्या आधारे दुसरा अर्थ मांडला. त्याची ध्वनिफीत आत पोचवली. १४ एप्रिलला कोरेशचं पत्र आलं की सात शिक्क्यांचा अर्थ मी लिहून काढतो आहे, तो झाला की बाहेर येईन.

एफबीआयला हा वेळकाढूपणा वाटला. १९ एप्रिलच्या सकाळी चिलखती गाड्या भिंती फोडून अश्रुधूर सोडू लागल्या, दुपारी आग लागली आणि आत ७६ माणसं मेली. त्यांत वीसहून जास्त मुलं होती. आग आतल्यांनीच लावली, असा निष्कर्ष पुढे सरकारी चौकशीत निघाला. कोरेशवर मुलांच्या शोषणाचे गंभीर आरोप होते. त्याला निर्दोष ठरवायचा माझा हेतू नाही. पण आगीतून वाचलेल्या मोजक्या माणसांपैकी एका बाईनं बाहेर येताना एक कॉम्प्युटर डिस्क आणली होती. तिच्यावर पहिल्या शिक्क्याचा लिहून झालेला अर्थ होता. तो खरोखरच लिहीत होता. दरवर्षी हा भाग शिकवताना इथं आल्यावर मला जरा थांबावं लागतं.

तीन वर्षांनी माँटानात ‘फ्रीमेन’ नावाच्या गटाला घातलेला वेढा ८१ दिवस चालला. त्या वेळी एफबीआयनं धर्माच्या अभ्यासकांना सल्ला विचारला होता, आणि तो वेढा कुणाचा जीव न जाता संपला. श्रेय एकट्या अभ्यासकांना देता येणार नाही. पण त्यांना विचारलं गेलं, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते.

इतकं मोठं उदाहरण रोज लागत नाही. माझा एक जुना विद्यार्थी शेरीफच्या खात्यात डेप्युटी आहे. तीन हिवाळ्यांपूर्वी रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. हायवेवर बर्फात ट्रक उलटला होता आणि ड्रायव्हर जागीच गेला होता. शीख होता. पगडी सुटलेली, केस मोकळे. “मॅडम, केस कापायचे नाहीत आणि कडं काढायचं नाही, एवढं मला परीक्षेतलं आठवलं. मी सगळ्यांना हात लावू नका म्हणून सांगितलंय. पण पुढे कुणाला फोन करू?” मी जवळच्या गुरुद्वाऱ्याचा नंबर शोधून दिला. नंतर कळलं की त्या ड्रायव्हरचा भाऊ येईपर्यंत तो थंडीत तिथंच उभा होता. वर्गात त्याला ‘बी मायनस’ मिळालं होतं.

म्हणूनच ‘धर्म घरी शिकवू, शाळेत कशाला’ हे वाक्य मला पटत नाही. स्वतःचा धर्म घरीच शिकवावा, शाळेकडून शिकवून घेऊ नये. पण शेजाऱ्याचा धर्म घरी कोण शिकवणार? कॅलिफोर्नियातल्या मॉडेस्टो शहरात २००० सालापासून नववीच्या सगळ्या मुलांना जगातल्या धर्मांचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. गावात चर्चवाले पुष्कळ, भांडणंही पुष्कळ, तरी सगळ्या धर्मांच्या माणसांना बसवून त्यांनी तो तयार केला. २००६ मध्ये दोन संशोधकांनी त्याचा परिणाम तपासला, तेव्हा मुलांच्या मनात इतरांच्या धर्मस्वातंत्र्याबद्दलचा आदर वाढलेला दिसला. स्वतःच्या धर्मावरची मुलांची श्रद्धा काही हलली नव्हती.

चुकाही होतात. २०१५ च्या डिसेंबरमध्ये व्हर्जिनियातल्या ऑगस्टा काउंटीत भूगोलाच्या वर्गात मुलांना अरबी सुलेखनाचा नमुना गिरवायला दिला होता. तो नमुना नेमका इस्लामचा कलमा निघाला. संतापाचे इतके फोन आणि ईमेल आले की सुरक्षेसाठी काउंटीतल्या शाळा एक दिवस बंद ठेवाव्या लागल्या. त्या शिक्षिकेचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. पण ज्या ओळी उच्चारून माणूस मुसलमान होतो, त्या सरावाला देणं चूकच होतं. ‘विषयी’ सांभाळणं हे कसब आहे आणि ते शिकावं लागतं.

ज्या शिक्षिकेविरुद्ध आमचा अर्ज आहे, तिनं ते शिकून घेतलं आहे. दोन उन्हाळे ती माझ्या कार्यशाळेला आली. देवळाच्या सहलीआधी तिनं मला विचारलं, पुजारी मुलांना प्रसाद देतील, तेव्हा काय करायचं? आम्ही दोघींनी बसून ठरवलं. मुलं कडेला बसून पाहतील. टिळा कुणी लावून घेणार नाही, आरतीवर हात कुणी फिरवणार नाही. प्रसाद ही देवळाची रीत आहे, ज्याला हवा त्यानं घ्यावा, नको असेल त्यानं हात जोडून ‘नो, थँक यू’ म्हणावं. आधल्या दिवशी वर्गात तिनं केळ्याचे तुकडे घेऊन दोन्हींचा सराव करून घेतला. मशिदीत आणि चर्चमध्येही नियम हेच. इतकी जपून वागणारी बाई मी क्वचित पाहिली आहे.

आता माझ्या माणसांच्या तक्रारीकडे येते. ती खोटी नाही. माझ्या मैत्रिणीच्या मुलाला वर्गातल्या एकानं विचारलं, “तुझी जात कोणती?” पोरगा घरी येऊन रडला. पाठ्यपुस्तकात हिंदू धर्माची जेमतेम सहा पानं, त्यांतली दीड जातींवर, आणि शेजारी कुठल्याशा घाटावरचा राख फासलेला साधू. ख्रिस्ती धर्माची ओळख त्याच्या उत्तम विचारांनी करून द्यायची आणि आपली आपल्या जखमांनी, हा अन्याय आहे. कॅलिफोर्नियात २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये याच प्रश्नावर मोठे वाद झाले. तेव्हा हिंदू पालकांचे काही मुद्दे मलाही रास्त वाटले होते.

पण त्यावर उपाय म्हणून ती पानंच दोन दिवसांत उरकायची? मग मुलं जातीबद्दल इंटरनेटवर वाचतील आणि तोच प्रश्न शाळेच्या बसमध्ये विचारतील, जिथं उत्तर द्यायला शिक्षिका नसेल. शिवाय जातीचा उल्लेखच नको, असं जे मंडळात बोललं जातं, ते मला मान्य नाही. आमच्याच मंडळात नागपूरकडची दोन बौद्ध कुटुंबं आहेत. एलरी शेंप कुराण घेऊन शाळेत गेला त्याच्या सहा आठवडे आधी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली होती. त्या घरातल्या मुलीला पुस्तकातलं बौद्ध धर्माचं पान वाचताना आपल्या आजीची गोष्ट सांगता यावी, असं मला वाटतं. जात वगळली तर तिची आजीच त्या वर्गातून वगळली जाते.

आणि अमेरिकेतल्या सरकारी पैशावर आपल्याविषयी फक्त वाईटच लिहिलं जातं, हा समजही खरा नाही. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात अ‍ॅन फेल्डहाउस यांनी उभी हयात महानुभावांच्या ग्रंथांवर आणि महाराष्ट्रातल्या नद्या-तीर्थांवर काम करण्यात घालवली. शं. गो. तुळपुळ्यांबरोबर त्यांनी जुन्या मराठीचा कोश केला. वॉशिंग्टन विद्यापीठातले ख्रिश्चन नोवेट्झके यांनी नामदेवांवर ग्रंथ लिहिला. मिशिगन स्टेटमधल्या जॉन क्यून यांनी एकनाथ कुणाच्या पंगतीला जेवले, या गोष्टी पिढ्यान् पिढ्या कशा सांगितल्या गेल्या, यावर अख्खं पुस्तक लिहिलं. तिन्ही सरकारी विद्यापीठं. १९६३ चा तो निकाल धर्माविषयी सरकारी संस्थेत बोलूच नका असा लागला असता, तर यातलं किती झालं असतं?

अभ्यास म्हटला की न आवडणारंही लिहिलं जाणार. ५ जानेवारी २००४ ला मी पुण्यात एम. ए. करत होते. भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, कारण एका अमेरिकन प्राध्यापकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकात संस्थेचे आभार मानलेले होते. त्या पुस्तकातला आक्षेपार्ह मजकूर मलाही दुखावून गेला, आणि ऐकीव कुजबूज छापणं हे संशोधन नाही, असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. पण दुसऱ्या दिवशी आम्ही काही विद्यार्थी तिकडे गेलो, तेव्हा ज्या टेबलाशी मी महिनाभर बसले होते ते उलटलेलं होतं आणि कॅटलॉगची कार्डं काचांमध्ये विखुरली होती. ती कार्डं गोळा करताना मला कळलं की मला हेच काम करायचं आहे. आमच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी एका हातानं धर्मकोश संपादला आणि दुसऱ्या हातानं हिंदुधर्माची समीक्षा लिहिली. दोन्ही करणारा माणूस आमच्या गावात सन्मानानं राहिला, हे मी लहानपणापासून ऐकत आले.

मैत्रिणीला मला आणखी एक सांगायचं होतं. ज्यांच्या शेजारी तिनं सही केली, त्यांतल्या काहींना वर्गात धर्म नको आहे असं नाही. लुइझियानात २०२४ मध्ये आणि टेक्ससमध्ये २०२५ मध्ये कायदा झाला की सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावायच्या. टेक्ससच्या कायद्यात फलकाचं मापही दिलेलं आहे, किमान सोळा बाय वीस इंच. केंटकीचा असाच कायदा सुप्रीम कोर्टानं १९८० मध्ये रद्द केला होता, तरी नवे कायदे झाले आणि कोर्टकज्जे सुरू झाले. ‘विषयी’ एकदा वर्गाबाहेर गेला की मागे भिंत मोकळी राहत नाही, ती कुणी तरी भरतं. त्या भिंतीखाली बसणाऱ्यांत आपलीही पोरं असतील. पाठ्यपुस्तकातली सहा पानं वाईट आहेत, तर चांगली बारा पानं मागू या, साधूशेजारी वारीचा फोटो मागू या, शिक्षिकेला देवळात बोलावू या. तो अर्ज तू लिही, पहिली सही माझी, असं मी तिला म्हटलं आहे.

स्कूल बोर्डाची बैठक येत्या मंगळवारी संध्याकाळी सातला आहे. बोलणाऱ्याला तीन मिनिटं मिळतात आणि नाव आधी नोंदवावं लागतं. मी नोंदवलं आहे. वाको सांगायला तीन मिनिटं पुरणार नाहीत, म्हणून मी फक्त केळ्याच्या तुकड्यांची गोष्ट सांगणार आहे. मैत्रीण येते म्हणाली. सही तिनं अजून मागे घेतलेली नाही.